इटलीच्या थाळ्या आणि औंधचा संग्रह

इटलींतील ऊर्बिनो हें चित्रकार रॅफेल याचें जन्मगांव. सोळाव्या शतकांत त्याचें नांव युरोपभर गेलें तें तेथील चितारलेल्या मातीच्या थाळ्यांमुळेंहि. या भांड्यांस ‘मायोलिका’ म्हणतात. स्पेनची चकाकीचीं भांडीं मायोर्का बेटावरून इटलींत येत, त्यावरून हें नांव पडलें असें मानतात. भाजलेल्या थाळीवर कथलाच्या पांढऱ्या झिलईचा थर द्यावयाचा, तो वाळला कीं कोबाल्टचा निळा, अँटिमनीचा पिवळा, तांब्याचा हिरवा असे रंग कुंचल्यानें भरावयाचे आणि थाळी पुन्हां भट्टींत घालावयाची. कोरडी झिलई रंग तत्काळ शोषून घेते. एकदां ओढलेली रेघ पुसतां येत नाहीं. हात कांपला कीं थाळी वायां!

थाळ्यांवरील कथाप्रसंग मात्र पुष्कळदां चिताऱ्याच्या कल्पनेंतले नसत. रॅफेलच्या रेखाटनांवरून मार्कान्तोनियो राइमोंदी यानें ताम्रपटावर कोरलेलीं चित्रें छापून विकलीं जात. तीं पुढें ठेवून कारागीर थाळी रंगवी. म्हणजे आज संग्राहक जिच्यासाठीं मोठी किंमत मोजतो, ती थाळी पुष्कळदां नकलेचीच नक्कल असते. एकोणिसाव्या शतकांत फ्लॉरेन्सच्या कांतागाल्ली कारखान्यानें जुन्या थाळ्यांच्या प्रतिकृति काढल्या. त्याच्या मालावर कोंबड्याची खूण असे. आतां त्यांचेहि संग्रह होतात. संग्राहकांचें सोवळें हें असें सोईचें असतें.

नकलेची योग्यता काय, हा प्रश्न माणदेशाच्या शेजारीं औंध येथेंहि उभा राहतो. आटपाडीचा दुष्काळी मुलूख पूर्वीं औंध संस्थानांतच होता. अवघें संस्थान ७२ गांवांचें. त्याचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) हे १९०९ सालीं गादीवर आले. ते स्वतः चित्रकार. त्यांचें ‘चित्ररामायण’ १९१६ सालीं प्रसिद्ध झालें. जन्मभर जमविलेल्या कलावस्तूंसाठीं त्यांनीं १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलें.

विहिरी आटणाऱ्या मुलखाच्या राजानें चित्रांवर पैसा घालावा काय? शंका रास्त आहे, आणि ती थोरामोठ्यांच्या कौतुकानें फिटणारी नाहीं. परंतु हा संग्रह राजवाड्याच्या कपाटांत राहिला नाहीं, तो देवीच्या वाटेवर आला, हें विसरतां येत नाहीं. तेथें रविवर्मा आणि धुरंधर यांचीं अस्सल चित्रें आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याचें ‘माता आणि बालक’ आहे, आणि पाश्चात्य अभिजात कृतींच्या प्रतिकृतिहि आहेत. या प्रतिकृति पाहून जाणकार नाक मुरडतात. पण अस्सल वस्तु एकच असते व एकाच जागीं असते. आटपाडीचा शेतकरी ती पाहावयास फ्लॉरेन्सला थोडाच जाणार होता? शिवाय अस्सल तरी अमर कोठें असतें! मायोलिकाचें दुसरें माहेर फाएन्झा. तेथील १९०८ सालीं स्थापन झालेलें मृत्पात्रांचें संग्रहालय १९४४ च्या बाँबवर्षावांत उद्ध्वस्त झालें.

१९३९ सालीं बाळासाहेबांनीं प्रजेस जबाबदार राज्यपद्धति दिली. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. संग्रहालय आज महाराष्ट्र शासनाकडे आहे. मूळपीठाच्या यमाईस निघालेल्या यात्रेकरूस तें चढावर, अर्ध्या वाटेंतच लागतें.