बांगडा, पित्त आणि हिस्टामिन

१/ मालवण किनाऱ्यावर बांगडा खाऊन अंगावर गांध्या उठल्या, की ‘पित्त उठले’ म्हणतात. आमसुलाचे पाणी लावतात. कुणी बांगडाच कायमचा सोडतो. या ‘पित्ता’मागचे एक कारण विसाव्या शतकात उलगडले.

२/ १९०७ मध्ये विंडाऊस व फोग्ट यांनी हिस्टामिन प्रयोगशाळेत तयार केले. १९१० मध्ये डेल व लेडलॉ यांनी त्याचे शरीरावरील परिणाम नोंदवले. बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन विपुल असते. मासा उन्हात राहिला, की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात.

३/ आतड्यातील एक विकर हिस्टामिन मोडते. ते अपुरे असल्यास थोड्या हिस्टामिननेही डोके वा पोट दुखू शकते. शिजवल्याने हिस्टामिन नष्ट होत नाही. तिरफळ घातलेले तिखलेही शिळ्या बांगड्याला निर्दोष करत नाही; होडीपासून चुलीपर्यंत त्याला राखतो तो बर्फच.