पाचशे पौंड गवत आणि दोनशे चाळीस दिवस

गेल्या शनिवारी बोईसरला घरी गेलो होतो. पोटमाळा आवरायचा कार्यक्रम होता. त्यात बाबांची पत्र्याची पेटी निघाली आणि पेटीत रबरबँड लावून ठेवलेले जुने गेटपास. मोजले तर अकरा! फोटो सगळ्यांवर बाबांचाच, कारखानाही एकच (नाव सांगत नाही, तारापूर एमआयडीसीतला एक, एवढं पुरे). बदलत होतं ते फक्त ठेकेदाराचं नाव. आणि गंमत बघा, एकही पास आठ महिन्यांच्या वर नाही.

मी प्रोग्रॅमर माणूस, पॅटर्न दिसला की डोकं खाजवायला लागतं. हिशोब सोपा निघाला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ती एक वर्षाची नोकरी धरायचे. मग कामगाराला कपातीच्या नावाखाली नुसतं 'उद्यापासून येऊ नको' सांगता यायचं नाही, नोटीस आणि भरपाई द्यावी लागायची. म्हणून त्याआधीच 'ब्रेक'. बाबा पंधरा दिवस घरी, मग नवा ठेकेदार, नवा पास, मशीन तेच. लहानपणी मला वाटायचं बाबांना सुट्टी मिळते.

"बाबा, तुम्ही लोकांनी युनियन का नाही केली?" मी विचारलं.

"कोणाबरोबर करणार? बाजूच्या मशीनवरच्याचा ठेकेदार वेगळा."

उत्तर एकदम पटलं. पण परतीच्या गाडीत बसल्यावर गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आठवलं आणि उत्तर अपुरं वाटायला लागलं. कारण वारल्यांचेही मालक वेगवेगळेच होते की!

आता जरा मागे जाऊ. दुसरं महायुद्ध. महागाई आभाळाला भिडलेली, १९४३ पासून मुंबईत रेशनिंग. काटकसर करा, असं सगळ्यांनाच सांगितलं जात होतं. पण मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९४० मध्येच महागाई भत्त्यासाठी संप केला होता. त्यांच्याकडे युनियन होती. त्याच रेल्वे लाइनवर शंभरेक किलोमीटर वर डहाणू, उंबरगाव, पालघर भागातल्या वारल्यांकडे काय होतं? वेठ. म्हणजे मालकाच्या शेतावर फुकट राबायचं. लग्नाला कर्ज काढलं तर नवराबायको दोघं 'लग्नगडी' म्हणून मालकाकडे बांधलेले. काटकसर करायला मुळात काही असावं लागतं ना...

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे काही वारली पोचले. मग २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावात हजारो आदिवासींची सभा झाली. तिथे शामराव आणि गोदावरी परुळेकरांसमोर ठरलं ते अगदी थोडक्यात असं: वेठ करायची नाही आणि दिवसाला बारा आणे घेतल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. पावसाळ्यानंतर गवतकापणी आली तेव्हा दर ठरला पाचशे पौंड गवताला अडीच रुपये.

हे आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. मालक शंभर असोत, दर एक! कुणाचा सावकार दयाळू, कुणाचा खडूस, हा प्रश्नच संपला. पाड्यावरच्या प्रत्येकाला शेजाऱ्याला किती मिळायला हवेत ते तोंडपाठ. एखाद्याने कमी घेतले तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार. संघटना म्हणजे झेंडा आणि घोषणा असं आपण समजतो, पण तिचं मूळ बहुतेक या उघड आकड्यात असतं.

याची किंमत मोठी होती. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. तरी संप मोडला नाही, मालकांना दर द्यावा लागला. पुढे जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यात नानिवलीला पुन्हा गोळीबार, पुन्हा पाच बळी. आम्ही शाळेत असताना यातलं काही शिकलो नाही. असो.

पण नुसत्या एका दरावर लढाई जिंकता येते का? तर नाही. आमच्या भाषेत 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात, म्हणजे जिथे अडलं की सगळी सिस्टिम बसते अशी जागा. वारल्यांच्या हातात ती होती. गवत काही आठवड्यांतच कापावं लागतं, नाहीतर वाळून जातं. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी थांबत नाहीत. आणि जंगलात येऊन कापणारं दुसरं कोणी नव्हतं.

आता याच फूटपट्टीने पुढचे संप मोजून बघा. मे १९७४ चा रेल्वे संप: जागा अडवायची तर रेल्वेसारखी दुसरी नाही, पण समोर मालक म्हणून सरकारच. हजारोंना अटक झाली, ८ मेला सुरू झालेला संप २७ मेला मागे घ्यावा लागला. त्यानंतर जुलैत सरकारने वटहुकूम काढून वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत वळवला. आणीबाणीत, १९७५ मध्ये, किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. देशासाठी पोटाला चिमटा घ्या, हे दरवेळी पगारपत्रकावरच लिहून येतं.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार. एवढी एकजूट पुन्हा दिसली नाही. पण कापड विणायला भिवंडीचे आणि इतर ठिकाणचे यंत्रमाग होते. गिरणी थांबली, कापड थांबलं नाही. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, नुसता विरून गेला.

आणि तारापूर? तिथे अडवायची जागाच वाटून टाकलेली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याला मुळात वीस कामगारांची अट होती. २०२० च्या नव्या संहितेत ती पन्नासवर नेली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की कंत्राट पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. त्यात राहणं वेगळं. वारली एका पाड्यात राहायचे. बाबांच्या मशीनच्या एका बाजूला जव्हारचा, दुसऱ्या बाजूला बिहारचा, राहायला वेगवेगळ्या चाळींत. पाळी संपली की कोण कुठे! ११ जानेवारी २०२० ला याच एमआयडीसीत स्फोट होऊन आठ जण गेले, तेव्हा आई फोनवर म्हणाली, बरं झालं बाबा रिटायर झाले. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते, आणि तेव्हा मलाही तेच वाटलं होतं हे खरं.

म्हणजे बाबांचं उत्तर चूक नव्हतं. पण ठेकेदार वेगळे असणं हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा मला त्यांनीच दाखवला. रविवारी स्टेशनवर सोडायला आले होते. आमच्या ऑफिसात यंदा पगारवाढ नाही, 'सर्वांनी समजून घ्यावे' असा मेल आलाय, हे मी त्यांना सहज सांगितलं.

"तुझ्या बाजूला बसतो त्याला किती मिळतात?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही. विचारायचं नसतं. तसं सही करून घेतात."

बाबा हसले. "आम्हाला निदान माहीत होतं रे," म्हणाले.

गाडी आली. उद्या सोमवार. बाजूच्याला विचारावं म्हणतो.