‘मधुमति’ : चिंचणीच्या ताम्रपटांतील एका पुरुषनामाचा विचार

पालघर जिल्ह्यात बोईसरच्या वायव्येस समुद्रकाठी तारापूर आणि चिंचणी ही जोडगावे आहेत. त्यांच्यामध्ये एक खाडी तेवढी आहे. यांपैकी चिंचणी येथील शेतात 1955 साली काही ताम्रपट सापडले. त्या वेळी हा सर्व भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असे. पालघर जिल्हा निराळा झाला तो 2014 साली. दिनेशचंद्र सरकार यांनी हे लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बत्तिसाव्या खंडात संपादून प्रसिद्ध केले आणि उत्तर कोकणाच्या दहाव्या-अकराव्या शतकांतील इतिहासाला एक अनपेक्षित साधन लाभले. त्यांतील राजवंशांची आणि दानांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने त्यांतील एका नावाकडे भाषेच्या अंगाने पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. ते नाव म्हणजे ‘मधुमति’.

राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याच्या काळातील शके 848, म्हणजे इ. स. 926 च्या ताम्रपटात हे नाव येते. कृष्ण दुसरा याने संयाण मंडल ज्याच्या स्वाधीन केले तो अधिकारी ताजिक वंशाचा होता. त्याच्या पित्याचे नाव सहियारहार. त्याचे स्वतःचे नाव मधुमति, आणि सुगतिप हे त्याचे दुसरे नाव. त्याने आसपासच्या बंदरांचे अधिपती जिंकून तेथे आपल्या स्वामीच्या वतीने अधिकारी नेमले, संयाणजवळच्या दोन प्रवाहांवर तरीची विनामूल्य सोय केली, आणि एक सत्र घातले. त्या सत्रात साळीचा भात, कालवणे व तूप फुकट मिळे. पुव्वैय नावाचा त्याचा मंत्री होता. पुव्वैयाचा स्नेही अन्नैय याने संयाण येथे एक मठिका बांधली आणि मधुमतीच्या संमतीने तिला भूमिदान मिळाले. संयाण म्हणजे आजचे संजाण. ते आता गुजरातेत वलसाड जिल्ह्यात येते. परंतु त्या काळी डहाणू-चिंचणीचा किनारा आणि संजाण हा एकच व्यवहारप्रदेश होता, राज्यसीमा पुष्कळ नंतरची आहे.

‘ताजिक’ हा शब्द मध्य-फारसीतून आलेला असून तो मुळात अरबांचा वाचक होय. नवसारी येथील इ. स. 739 च्या ताम्रपटात ताजिकांच्या स्वारीचा उल्लेख आहे, आणि फलज्योतिषातील ‘ताजिक’ शाखेच्या नावातही हाच शब्द टिकून राहिला आहे. तेव्हा ‘मधुमति’ हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप आहे, हे सरकारांचे मत सर्वमान्य झाले यात नवल नाही. पित्याचे ‘सहियारहार’ हे नाव मात्र ‘शहरियार’ या फारसी नावाकडे बोट दाखवते. एवढ्यावरून घराणे इराणी होते की अरब, असा वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. सिराफच्या बाजूने येणाऱ्या गलबतांवर दोन्ही भाषा बोलल्या जात.

नावाचा अर्थ पाहू गेल्यास ‘मधुमति’ हा सरळ बहुव्रीही आहे : ज्याची मती मधासारखी गोड आहे तो. बहुव्रीही असल्यामुळे शब्दाचे लिंग विशेष्याप्रमाणे ठरते, म्हणून येथे तो पुल्लिंगी आहे. आज परिचित असलेले ‘मधुमती’ हे स्त्रीनाम ‘मधुमत्’ या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप आहे, आणि त्याच्याशी या नावाचा संबंध जोडता येत नाही. उलट, ‘मुहम्मद’ हा शब्द ‘ह-म-द’ या अरबी धातूपासून आलेला असून त्याचा अर्थ ‘प्रशंसिलेला’ असा आहे. म्हणजे येथे अर्थाचे भाषांतर मुळीच नाही. अर्थच साधावयाचा असता तर लेखकाला ‘प्रशस्त’ किंवा ‘कीर्तित’ असे शब्द सुचण्यास अडचण नव्हती. त्याने कानाला जो ध्वनी ऐकू आला त्याचा मागोवा घेतला.

पण मग ‘ह’चा ‘ध’ कसा झाला, हा या विषयातील खरा प्रश्न आहे. केवळ ध्वनिसादृश्य म्हणावे तर ‘महामति’ हे रूप अधिक जवळचे होते. तेही निर्दोष संस्कृत आहे आणि अर्थानेही भारदस्त आहे. ते सोडून ‘मधुमति’ का निवडले, याचे उत्तर प्राकृताच्या एका नियमात सापडते. दोन स्वरांमधील संस्कृत ‘ध’चा प्राकृतात ‘ह’ होतो. बधिर-बहिरा, दधि-दही ही उदाहरणे मराठी वाचकाच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. आणि डहाणूच्या रानातील मोहाचे झाड हा तर ‘मधूक’ शब्दाचाच वंशज आहे. ‘मधु’चे प्राकृत रूप ‘महु’ होते. संस्कृत शिकलेल्या लेखकाला हा नियम उलट्या दिशेनेही पाठ असे : लोकांच्या तोंडी ‘महु’ ऐकले की पट्टावर ‘मधु’ लिहावयाचे, ‘मदि’ किंवा ‘मइ’ ऐकले की ‘मति’ लिहावयाचे. बंदरातील लोक ‘महुमद’ अशा काहीशा उच्चाराने जे नाव घेत असतील, ते त्याला अपभ्रष्ट झालेले संस्कृत नावच वाटले, किंवा तसे मानणे त्याला सोयीचे वाटले. त्याने ते ‘शुद्ध’ केले. परक्या शब्दाला असे खोटे मूळ मिळवून देणे ही राजलेखकांची जुनी सवय आहे. पण प्रत्येक अक्षर व्याकरणाच्या नियमाने सिद्ध व्हावे आणि एकूण निष्पत्ती मात्र इतिहासाला सोडून असावी, असे इतके नेटके उदाहरण विरळाच.

याच किनाऱ्यावर आठ शतकांपूर्वी घडलेला एक प्रकार येथे आठवतो. नहपानाचा जामात उषवदात हा शक होता. त्याच्या पित्याचे नाव दीनीक, हे उघडच परके. पुत्राचे नाव मात्र मुळात ‘ऋषभदत्त’. नाशिकच्या लेण्यातील लेखात इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि डाहणुका या नद्यांवर त्याने फुकट तरी चालविल्याचे नमूद आहे. ‘डाहणुका’ या नावात आजच्या डहाणूचे नाव स्पष्ट दिसते. परकीय नावाचा पिता, संस्कृत नावाचा पुत्र, आणि खाड्यांनी चिरलेल्या या मुलखात पुण्य म्हणून केलेली तरीची सोय, हे तीन धागे दोन्ही ठिकाणी सारखे आहेत. फरक नावाच्या घडणीत आहे. ‘ऋषभदत्त’ हे आधीपासून प्रचारात असलेले नाव शक कुटुंबाने स्वीकारले आणि ते प्राकृताच्या तोंडी ‘उषवदात’ झाले. ‘मधुमति’ हे नाव त्या क्षणी घडविले गेले. म्हणून एकावरून सांस्कृतिक स्वीकाराचा जो निष्कर्ष काढता येतो तो दुसऱ्यावरून तसाच काढणे योग्य नाही. ताम्रपट हा राज्याच्या दप्तराचा पुरावा आहे, घरातील हाकेचा नव्हे. मधुमतीने धर्म पालटला, किंवा तो ‘हिंदू झाला’, असे नावाच्या आधारावर म्हणणारा अभ्यासक लेखकाच्या व्याकरणाला अधिकाऱ्याची श्रद्धा समजतो. मठिकेला त्याने दिलेली संमती हा निराळा आणि अधिक भक्कम पुरावा आहे. पण तो त्याच्या राज्यकारभाराविषयीचा आहे. अल-मसूदीने इ. स. 916 च्या सुमारास चेऊलला भेट दिली. बल्हारा, म्हणजे राष्ट्रकूट राजा, मुसलमानांना आदराने वागवितो, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या वर्णनाशी हा कारभार जुळतो.

नाव पुढे रुळले काय? चिंचणीच्याच संचात शके 956, इ. स. 1034 चा चामुंडराजाचा लेख आहे. तो शिलाहार छित्तराजाचा मांडलिक होता. मठिकेला त्याने एक तेलघाणा दिला. त्या दानाची वर्दी ज्यांना दिली त्या संयाणच्या प्रमुखांत अल्लिय, महर आणि मधुमत ही नावे येतात. ‘अल्लिय’ म्हणजे अली, याविषयी शंका नको. शंभरावर वर्षांनंतर, राजवंश बदलल्यावर, तेच नाव पुन्हा यावे आणि तेही ‘मति’ऐवजी ‘मत’ असे ढिले होऊन यावे, हे महत्त्वाचे आहे. एका अधिकाऱ्याची पदवी म्हणून हे रूप जन्मले असेल; अकराव्या शतकात ते व्यापाऱ्यांच्या नावाची ठरलेली लेखनपद्धती बनले होते. गोव्याच्या कदंबांच्या लेखांत ते ‘मदुमद’ होते. तेथे ताजिक घराण्यातील अलियम, मदुमद आणि छडम ही नावे आढळतात, आणि छडमाने ‘मिजिगिति’साठी, म्हणजे मशिदीसाठी, करांची व्यवस्था केली होती. ‘मदुमद’मध्ये संस्कृताचा मुलामा निम्मा उडाला आहे, ‘मधु’ची आठवण राहिली, ‘मति’ गेली.

वेरावळ येथील 1264 च्या संस्कृत लेखात हुर्मुझच्या नाखव्याने बांधलेल्या मशिदीची नोंद आहे. तेथे पैगंबराचे नाव ‘महंमद’ असे, जवळजवळ आजच्यासारखेच, लिहिले आहे. लेखनाची भाषा अजून संस्कृतच होती. परंतु अरबी नाव आता परके म्हणून ओळखीचे झाले होते, त्याला संस्कृत व्युत्पत्तीचा आधार देण्याची गरज उरली नव्हती. येथून पुढे ‘मधुमति’ला वाव राहिला नाही.

मराठी नामसंग्रहात विसाव्या शतकात ‘मधु’ने आरंभ होणारी मधुकर, मधुसूदन ही नावे घरोघर झाली आणि दोहोंचेही लाडके रूप ‘मधू’ असेच राहिले. योगायोग असा की चिंचणीच्या लेखांत मधुसूदनाच्या मंदिराचाही उल्लेख आहे. भिल्लमालाहून आलेल्या व्यापाऱ्यांचे ते दैवत होते, आणि त्या मंदिराचा मठिकेशी जमिनीवरून तंटाही झाला. त्या नावातला ‘मधु’ हा विष्णूने मारलेला दैत्य होय, मध नव्हे. पुरुषाचे नाव म्हणून ‘मधुमति’ मात्र संजाण-चिंचणीच्या ताम्रपटांबाहेर मराठी घरांत शिरले नाही.