अन्यायाचा उच्चार : हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, हैदराबाद मुक्तिसंग्राम आणि सुंदरलाल समितीचा अहवाल – एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :

जागतिक पातळीवरील अन्याय आणि विषमता हा विषय महाविद्यालयीन चर्चासत्रांतून सातत्याने मांडला जातो. दक्षिण आफ्रिकेतील वंशभेद, युरोपातील वंशसंहार, अमेरिकेतील गुलामगिरी यांविषयी आपण वर्गात विस्ताराने बोलतो आणि विद्यार्थीही ते मन लावून ऐकतात. परंतु ज्या गावातून तो विद्यार्थी वर्गात आला, त्या गावाच्या शिवारात घडलेल्या अन्यायाविषयी बोलण्याची वेळ आली की आपली वाणी अडखळते. दूरच्या अन्यायाविषयी बोलणे सोपे आणि जवळच्या अन्यायाविषयी बोलणे कठीण, हा अनुभव केवळ आपल्याच प्रदेशाचा नाही. तो सर्व मानवसमूहांचा आहे. मात्र धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील लोहारा परिसराचा विसाव्या शतकातील इतिहास पाहिला असता या अनुभवाचे एक ठळक चित्र आपल्यासमोर उभे राहते.

प्रस्तुत लेखात 1921 ते 1948 या कालखंडातील घटनांच्या आधारे अन्यायाविषयीची जाणीव कशी निर्माण झाली, तिचा उच्चार कोणी केला आणि कोणत्या ठिकाणी तो उच्चार थांबला, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. अन्यायाच्या उच्चाराच्या तीन पायऱ्या असतात, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. पहिली पायरी सत्तेने आपल्यावर केलेल्या अन्यायाविरुद्ध बोलण्याची. दुसरी, लढणाऱ्या समाजाच्या अंतर्गत असलेल्या अन्यायाविरुद्ध बोलण्याची. तिसरी आणि सर्वांत अवघड पायरी म्हणजे आपल्या विजयानंतर आपल्याच बाजूने दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाविषयी बोलण्याची. लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला आहे.

निजामी राजवट आणि मौनाची व्यवस्था :

हैदराबाद संस्थान हे हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. सोळा जिल्ह्यांच्या या राज्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड भाषिक प्रजा बहुसंख्य होती. परंतु राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा अभिनव प्रयोग केला, हे मान्य करावे लागते. तथापि ती देशी भाषा बहुसंख्य प्रजेची मातृभाषा नव्हती. राज्याच्या सुमारे साठ टक्के भूभागावर दिवाणी अंमल, तीस टक्क्यांच्या आसपास जहागिरी आणि उर्वरित सुमारे दहा टक्के भाग निजामाच्या खाजगी खर्चासाठी, म्हणजे सर्फ-ए-खास, अशी विभागणी होती. जहागिरीतील रयतेला दाद मागण्यासाठी जागाच नव्हती. वेठबिगार ही नित्याची बाब होती.

या व्यवस्थेचा खरा आधार शस्त्राइतकाच मौनाचा होता. 1929 च्या सुमारास निघालेल्या 'गश्ती निशाण 53' या परिपत्रकाने सार्वजनिक सभांवर पूर्वपरवानगीचे कडक बंधन आले. खाजगी शाळा काढण्यासाठीही परवानगी घ्यावी लागे. म्हणजेच जाणीव निर्माण करणारी शाळा आणि ती व्यक्त करणारी सभा या दोहोंवर राजवटीची सारखीच नजर होती. अन्याय टिकवायचा असेल तर तो बोलला जाऊ नये, हे सत्ताधाऱ्यांना प्रजेपेक्षा आधी कळलेले असते.

हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा : जाणिवेचे केंद्र :

अशा परिस्थितीत आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परगा (रवा) या खेड्यात 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली, ही घटना मराठवाड्याच्या इतिहासात असाधारण महत्त्वाची आहे. असहकार आंदोलनाच्या काळात ब्रिटिश मुलखात ठिकठिकाणी राष्ट्रीय शाळा निघत होत्या. निजामी मुलखातील एका आडवळणाच्या गावी तशी शाळा उभी राहावी, याचे श्रेय तेथील कार्यकर्त्यांच्या धाडसाला द्यावे लागते.

या शाळेत मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. येथे एका बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. हिप्परग्याला येण्यापूर्वी खेडगीकरांनी कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून काम केले होते. जोशी हे 1919 मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. कामाचे तास, बालमजुरी, स्त्री कामगारांचे संरक्षण हे प्रश्न त्या परिषदेत जगाच्या व्यासपीठावर मांडले गेले. अशा नेत्याच्या सहवासात घडलेला तरुण हिप्परग्याच्या वर्गात उभा राहिला, तेव्हा जगातील श्रमिकांच्या प्रश्नाची जाणीव एका परीने या खेड्यापर्यंत येऊन पोहोचली, असे म्हणता येईल. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे ध्येयवादी सहकारीही येथेच त्यांना लाभले. 1935 मध्ये ही मंडळी मोमिनाबाद म्हणजे आजच्या अंबाजोगाईला गेली आणि तेथील योगेश्वरी शाळा नव्या पिढीच्या घडणीचे केंद्र बनली.

पहिली पायरी : सत्तेविरुद्ध उच्चार :

1937 मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. भाषा, शिक्षण व नागरी स्वातंत्र्य या मागण्या तेथे सनदशीर भाषेत मांडल्या गेल्या. सप्टेंबर 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी घालण्यात आली. जी संस्था अद्याप जन्मलीच नाही तिच्यावर बंदी, हे राजवटीच्या भयाचे द्योतक होते. ऑक्टोबर 1938 मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजींसह अनेकांना कारावास घडला. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठण्यासाठी 1946 साल उजाडावे लागले.

1947–48 मध्ये लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार संघटनेने मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ व हत्या यांचे सत्र आरंभिले. सीमेपलीकडे बार्शी, सोलापूर भागात निर्वासितांचे लोंढे गेले आणि सशस्त्र प्रतिकाराच्या छावण्या उभ्या राहिल्या. हा अत्याचार निर्विवाद आहे आणि त्याच्या आठवणी आजही या भागातील घराघरांत आहेत. परंतु त्याविरुद्धचा आवाज एकाच धर्माच्या लोकांचा नव्हता, हे विसरता येणार नाही. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांवर निर्भीड टीका केली आणि भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केला. 22 ऑगस्ट 1948 च्या रात्री हैदराबादेत त्यांची हत्या झाली. मारेकऱ्यांनी त्यांचा लिहिता हात तोडला. आपल्याच समाजातील आक्रमकांविरुद्ध लिहिण्याची किंमत त्यांनी प्राणांनी चुकविली. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात त्यांचे स्थान केवळ हुतात्म्याचे नाही. पुढे ज्या तिसऱ्या पायरीचा विचार करावयाचा आहे, तिचे ते आद्य उदाहरण आहेत.

दुसरी पायरी : गावातील अन्यायाचा उच्चार :

निजामाविरुद्धचा लढा चालू असतानाच, गावगाड्यातील अन्यायाचे काय, हा प्रश्न दलित चळवळ विचारीत होती. 30 डिसेंबर 1938 रोजी संस्थानाच्या सीमेलगत मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संस्थानातील दलितांना मार्गदर्शन केले. त्यानंतर 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद त्यांच्या उपस्थितीत झाली. वतन म्हणजे मान नसून पिढीजात सक्तीच्या सेवेची बेडी आहे, हा विचार ते 1928 पासून मुंबई कायदेमंडळात मांडीत होते. महार आणि मांग या दोन समाजांनी एकाच मांडवात बसणे हीच त्या काळी मोठी घटना होती.

निजाम गेला तरी वतनदारी राहिली तर स्वातंत्र्य कोणाचे, हा या चळवळीचा मूलभूत प्रश्न होता. तरीही नोव्हेंबर 1947 मध्ये आंबेडकरांनी हैदराबादमधील अनुसूचित जातींना निजाम व इत्तेहाद यांची बाजू न घेण्याचे निःसंदिग्ध आवाहन केले. एका अन्यायाविरुद्ध बोलताना दुसऱ्या अन्यायाच्या आश्रयाला न जाणे, हा विवेक त्यातून दिसतो.

तिसरी पायरी : विजयानंतरचे मौन :

13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत भारतीय लष्कराची कारवाई पूर्ण झाली व निजामी राजवट संपुष्टात आली. लोकभाषेत तिला आजही 'पोलीस ॲक्शन' असेच म्हणतात. हैदराबादची तक्रार 16 सप्टेंबरला पॅरिस येथे सुरक्षा परिषदेसमोर आली होती. परंतु शरणागतीनंतर निजामाने ती मागे घेतली आणि जगाचे लक्ष अन्यत्र वळले.

मात्र गावांमध्ये जे घडले ते पाच दिवसांत संपले नाही. अनेक ठिकाणी मुस्लिम नागरिकांवर सूडाचे हल्ले झाल्याच्या वार्ता दिल्लीस पोहोचल्यावर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आदींचे शिष्टमंडळ पाठविण्यात आले. 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 या काळात त्यांनी सोळापैकी नऊ जिल्ह्यांचा दौरा केला आणि प्रत्यक्ष भेट न दिलेल्या 109 गावांतील पाचशेहून अधिक लोकांच्या जबान्या ऐकल्या. सावधपणे केलेल्या अंदाजानुसार कारवाईच्या काळात व नंतर 27 हजार ते 40 हजार माणसे प्राणास मुकली, असे त्यांनी नमूद केले. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांचा समावेश होता. या आकड्यांविषयी मतभेद आहेत. समितीनेही तो अंदाजच म्हटला आहे. परंतु आकडा कमी मानला तरी घटनेचे स्वरूप बदलत नाही. मारले गेलेले बहुतांश रझाकार नव्हते. ते शेजारी होते.

त्याच अहवालात दुसरीही नोंद आहे. काही ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांना जिवाची पर्वा न करता वाचविले. विशेषतः हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांचे रक्षण केले. एकाच व्यवसायातील, एकाच कष्टातील माणसांची ही आत्मीयता होती. अहवाल दडला तेव्हा केवळ अत्याचाराची नोंद दडली नाही, माणुसकीची ही नोंदही तिच्यासोबत दडली, ही मोठी हानी होय.

योगायोगाने, समिती या जिल्ह्यांतून फिरत असतानाच 10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. भारतीय प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे त्यात 'सर्व पुरुष' या अर्थी शब्दाऐवजी 'सर्व मानव' हा शब्द आला. सर्व मानवांच्या प्रतिष्ठेचा उच्चार जगाने जेथे केला, तेथे भारताचा आवाज होता. घरातील मानवांविषयीचा अहवाल मात्र फायलीत बंद झाला. पुढे काही अभ्यासकांनी त्यातील भाग प्रसिद्ध केला, ए. जी. नूरानी यांनी 2001 मध्ये तो 'फ्रंटलाइन'मधून वाचकांसमोर आणला आणि 2013 मध्ये दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहावयास उपलब्ध झाला. म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ हे मौन टिकले.

या संदर्भात दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण उद्बोधक ठरते. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व सलोखा आयोगाने वंशवादी राजवटीच्या अत्याचारांसोबत मुक्तिलढ्यातील संघटनांकडून झालेल्या उल्लंघनांचीही नोंद केली. ऑक्टोबर 1998 मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने अहवाल थांबविण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. परंतु तो प्रसिद्ध झाला. त्यामुळे वंशभेदविरोधी लढ्याची थोरवी कमी झाली, असे कोणी म्हणत नाही. लढा न्याय्य असणे आणि लढ्याच्या नावाने घडलेले प्रत्येक कृत्य न्याय्य असणे या दोन भिन्न बाबी आहेत, एवढेच त्या अहवालाने सिद्ध केले.

समारोप :

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचे महत्त्व वादातीत आहे. जहागिरदारी 1949 मध्ये संपली, 1950 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला आधार मिळाला. हे त्या लढ्याचेच फलित होय. दरवर्षी 17 सप्टेंबरला आपण ध्वजारोहण करतो, हुतात्म्यांचे स्मरण करतो, आणि ते केलेच पाहिजे. परंतु ध्वजाला वंदन करणाऱ्या रांगेत असेही विद्यार्थी उभे असतात, ज्यांच्या घरी त्या सप्टेंबरची आठवण निराळी आहे. ती आठवण ते वर्गात सांगत नाहीत. आपण विचारीत नाही, म्हणून ते सांगत नाहीत. आणि ते सांगत नाहीत, म्हणून आपण ती नाहीच असे धरून चालतो.

रझाकारांचे अत्याचार सांगताना आवाज खाली आणण्याचे कारण नाही. त्याच आवाजात त्यानंतरचेही सांगितले पाहिजे. शोएबुल्ला खान यांचे नाव घेताना आपल्याला अभिमान वाटतो, कारण ते आपल्या माणसांविरुद्ध बोलले. त्यांच्याकडून जे घेतले ते आपण परत कधी देणार, हा प्रश्न इतिहासाच्या अध्यापकाला टाळता येणारा नाही. या भागातील वयोवृद्धांच्या, सर्व जातिधर्मांच्या, आठवणी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकरवी नोंदवून घेण्याचे काम तातडीने हाती घेणे आवश्यक आहे. त्या दिवसांचे साक्षीदार आता अगदी मोजके उरले आहेत.

हिप्परग्याच्या शाळेने बोलण्यास बंदी असलेल्या काळात जाण जागविली. आज आपल्यावर तशी बंदी नाही. पहिल्या दोन पायऱ्या आपल्या पूर्वसूरींनी फार मोठी किंमत देऊन चढल्या. तिसरी पायरी चढण्याचे उत्तरदायित्व आपल्या पिढीवर येऊन ठेपले आहे. ती चढल्यावाचून जगातील अन्यायाविषयी आपण वर्गात जे बोलतो, त्याला वजन येणार नाही.