जबड्याचा सांधा जखडणे

खालच्या जबड्याचे डोके आणि कवटीतली त्याची खाच एकमेकांना चिवट तंतूंनी किंवा थेट हाडाने चिकटून तोंड उघडेनासे होणे. डॉक्टरी भाषेत टीएमजे अँकायलोसिस. विकार एका बाजूला होतो, कधी दोन्ही बाजूंना. पाश्चात्त्य देशांत तो आता क्वचितच दिसतो. भारतातल्या दंत महाविद्यालयांच्या शल्यविभागांत मात्र असे रुग्ण आजही येतात आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे थांबून येतात. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून पाहिले, की हा उशीर कुठे कुठे होतो ते कळते.

कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंडाची उघडझाप केली, तर बोटाखाली गोटीसारखे काहीतरी हलते; ते जबड्याचे डोके. तोंड थोडे उघडताना ते जागच्या जागी फिरते, आणखी उघडताना खाचेतून पुढे सरकते. मधे एक चिवट चकती असते. लहान मुलांत या डोक्याचे कवच पातळ आणि आतला भाग रक्ताने भरलेला असतो. मूल हनुवटीवर आपटले की धक्का सरळ वर चढतो, डोके चुरडते आणि सांध्यात रक्त साकळते. दुखते म्हणून मूल तोंड उघडत नाही. न हललेल्या सांध्यात त्या रक्ताचे आधी तंतू होतात, मग हाड. यात महिने जातात, कधी वर्षे.

कारणे : हनुवटीवरचा मार हे सगळ्यात मोठे कारण. मूल बाजेवरून पडते, झाडावरून पडते, बैलगाडीतून पडते. घरच्यांच्या लक्षात राहते ती फुटलेली हनुवटी. गावात टाके पडतात, धनुर्वाताचे इंजेक्शन मिळते, जखम भरते; कानापुढच्या सांध्याला कोणी हात लावलेला नसतो. हा विकार टाळण्याची सगळ्यात स्वस्त जागा हीच आहे. टाके घालणाऱ्याने दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून मुलाला ‘आ’ करायला लावावे, दात पूर्वीसारखे जुळतात का ते पाहावे, शंका वाटली तर एक्स-रेला पाठवावे आणि दोन-तीन आठवड्यांनी तोंड किती उघडते ते पाहायला परत बोलवावे. लहान मुलांतल्या अशा मोडीला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही; मऊ अन्न आणि लवकर सुरू केलेली हालचाल पुरते. जबडा तारेने बांधून फार दिवस ठेवणे उलट अंगाशी येते.

दुसरे कारण कान. फुटलेला कान वाहत राहिला तर पू शेजारच्या सांध्यात उतरू शकतो. प्रतिजैविके येण्यापूर्वी हे बरेच घडे. लहानपणचा संधिवात आणि पाठीचा कणा ताठरवणारा संधिवात ही त्यामानाने विरळा कारणे.

लक्षणे : तोंड बंद होते, पण बहुधा दुखत नाही, उशिराचे निम्मे कारण इथेच आहे. मूल भाकरी दुधात कुस्करून खायला शिकते, पातळ खिचडीवर राहते, पडलेल्या दाताच्या फटीतून घास बोटाने आत सारते. घरालाही त्याची सवय होते. ब्रश आत जात नाही, मागच्या दाढा किडतात आणि त्या काढायलाही तोंड उघडत नाही.

जबड्याची वाढ बऱ्याच अंशी या डोक्यापाशी होते, त्यामुळे लहानपणी सांधा जखडला की जबडा खुरटतो. एकाच बाजूचा विकार असेल तर हनुवटी त्या बाजूला सरकते. त्या बाजूचा गाल भरलेला दिसतो आणि निरोगी बाजूचा गाल चपटा, लांबट. घरचे हटकून चपट्या गालाकडे बोट दाखवतात. नवखा डॉक्टरही फसतो. दोन्ही सांधे जखडले तर हनुवटी जवळपास नाहीशी होते. मग खरा धोका श्वासाचा: जबड्याबरोबर जीभ मागे राहते, झोपेत घसा अडतो, मूल मोठ्याने घोरते, मधेच श्वास थांबून दचकून उठते. दिवसा वर्गात पेंगते, अंग धरत नाही. वाकड्या तोंडाची तक्रार घेऊन येणारे पालक घोरण्याचा उल्लेखही करत नाहीत. ते विचारून काढावे लागते.

निदान : मुलाची स्वतःची तीन बोटे उभी करून पुढच्या दातांमध्ये जातात का, ही चाचणी अंगणवाडीतही करता येते. मोठ्या माणसाचे तोंड साधारण 40 मिलिमीटर किंवा जास्त उघडते. या विकारात ते काही मिलिमीटरवर येते किंवा मुळीच उघडत नाही. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा आणि अंगणवाड्यांत मुले तपासतात. ही तीन बोटांची चाचणी त्या तपासणीत कटाक्षाने करावी, एवढे इथे सुचवावेसे वाटते.

मराठवाड्यात तोंड उघडत नाही म्हटले की पहिला संशय गुटखा-सुपारीवर जातो, आणि तो बहुतेकदा खराही ठरतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी असली तरी त्याने आखडलेली तोंडे दंतचिकित्सक रोज पाहतात. फरक करायला अवघड नाही. सुपारीच्या विकारात तिखट झोंबते, गालाच्या आतली त्वचा पांढुरकी पडते, बोट फिरवले तर दोऱ्यांसारखे ताठ पट्टे लागतात. जखडलेल्या सांध्यात गाल आतून मऊ असतो, पण कानापुढची ती गोटी हलत नाही. अक्कलदाढेचा पू, धनुर्वात, गालफडाच्या हाडाची मोड आणि जबड्याच्या डोक्यापुढचे टोक (कोरोनॉइड) वाढणे हेही तपासून बाजूला काढावे लागते.

साधा ओपीजी एक्स-रे अंदाज देतो, शस्त्रक्रिया मात्र सीटी स्कॅनवर आखतात. नवे हाड आत किती खोल गेले आहे आणि मोठी धमनी त्याच्या किती जवळून जाते, हे त्याशिवाय कळत नाही. चंदीगडचे सी. पी. सॉहनी यांनी 1986 मध्ये 70 रुग्णांच्या अनुभवावरून जखडण्याचे चार प्रकार सांगितले: डोके चपटे होऊन तंतूंनी धरणे इथपासून सगळ्या सांध्याच्या जागी हाडाचा एकच गठ्ठा होणे इथपर्यंत. ही वर्गवारी अजून वापरात आहे.

भूल : या शस्त्रक्रियेतला सर्वांत जोखमीचा भाग कापणे सुरू होण्याआधीच येतो. तोंडातून नळी घालता येत नाही. झोपेचे औषध दिले आणि घसा अडला, तर तोंड उघडून मदत करायलाही वाट नसते. म्हणून रुग्णाला स्वतः श्वास घेता ठेवून लवचीक दुर्बिणीच्या आधाराने नाकातून नळी घालतात. घाबरलेल्या मुलाच्या बाबतीत हे काम फार कौशल्याचे ठरते. ते जमले नाही तर गळ्याला छिद्र पाडण्याची तयारी शेजारी ठेवलेली असते. दुर्बीण आणि ती हाताळणारा भूलतज्ज्ञ जिथे नाही, तिथे हे काम हाती घेऊ नये.

शस्त्रक्रिया : जबड्याचे जखडलेले डोके कापून काढण्याचे श्रेय केंब्रिजच्या हम्फ्री यांना देतात, ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातले. आजची पद्धत बरीचशी अमेरिकन शल्यविशारद लिओनार्ड कॅबन आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मांडलेल्या क्रमाने जाते. कानापुढून छेद घेतात, चेहऱ्याची नस जपतात, हाडाचा गठ्ठा पूर्ण काढतात. डोक्यापुढचे ते टोक (कोरोनॉइड) त्याच बाजूचे काढतात आणि टेबलावरच तोंड 35 मिलिमीटर उघडले नाही तर दुसऱ्या बाजूचेही. मोकळ्या जागेत कानशिलाच्या स्नायूचा पडदा किंवा चरबी बसवतात, म्हणजे हाड पुन्हा जुळत नाही. मुलांत कूर्चेसह बरगडीचा तुकडा लावून नवे डोके घडवतात. तो कधी वाढत नाही, तर कधी गरजेपेक्षा जास्त वाढतो.

श्वासाचा त्रास असलेल्या रुग्णांत आधी काय करायचे, हा वादाचा विषय होता. नुसता सांधा सोडवला तर तोंड उघडते, पण मागे राहिलेला जबडा श्वास अडवतच राहतो. मुंबईच्या नायर रुग्णालय दंत महाविद्यालयातल्या नीलम अँड्रेड आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये उलटा क्रम सुचवला: आधी जबड्याचे हाड कापून स्क्रूच्या यंत्राने थोडेथोडे ताणून पुढे आणायचे, मग सांधा सोडवायचा.

व्यायाम : शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच तोंड बळेच उघडायला सुरुवात होते. हायस्टर नावाचा स्क्रूचा चिमटा वापरतात. घरी दाढांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चवड घालून रोज एखादी काडी वाढवतात. दुखते, मूल रडते, आईचा हात थांबतो. हा क्रम निदान वर्षभर चालवावा लागतो. सांधा पुन्हा जखडण्याची दोन मुख्य कारणे आहेत: हाड अपुरे काढणे आणि व्यायाम सोडणे. मधेच कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले, तर काड्यांचा हिशेब कोण ठेवणार? म्हणून तारीख ठरवतानाच घरचे हंगामाचे वेळापत्रक विचारणारा डॉक्टर शहाणा. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. व्रणातून वाट काढावी लागते आणि नस दुखावण्याची भीती वाढते.

कुठे जावे : हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला, हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झाले. कळमनुरीकर मोठ्या दुखण्याला सवयीने नांदेड गाठतो, तिथे सीटी स्कॅन होतो. पण हा विकार मुख व जबडा शल्यविशारदाचा, म्हणजे मूळच्या दंतवैद्याचा. कानापुढचा विकार म्हणून लोक कान-नाक-घशाच्या डॉक्टरच्या दारात बसतात आणि तिथून वाट शोधत येतात. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय (स्थापना 1982) आहे. त्याखेरीज नागपूर, वर्ध्याजवळचे सावंगी मेघे आणि मुंबई. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे संबंधित रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावे. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवावे.

कृत्रिम सांधा : वाढ संपलेल्या आणि सांधा पुन्हा पुन्हा जखडलेल्या रुग्णांत टायटॅनियम आणि पॉलिइथिलिनचा कृत्रिम सांधा बसवतात. तो सीटी स्कॅनच्या मापावर एकेका रुग्णासाठी वेगळाही घडवता येतो. वाढत्या मुलांत तो सहसा टाळतात, कारण तो मुलाबरोबर वाढत नाही.