परवडणारं मास्टर्स : पैसे कोणी भरले?

"इलेक्ट्रॉनिक्समध्ये मास्टर्स करायचंय. खिशाला परवडेल असं आणि दर्जेदार कुठे मिळेल?" पुण्यात नोकरीची तीन-चार वर्षं काढली की हा प्रश्न बऱ्याच जणांच्या डोक्यात घोळायला लागतो. उत्तरादाखल हातात पडतात दोन गोष्टी: रँकिंगची यादी आणि एज्युकेशन लोनचं माहितीपत्रक. मला विचाराल तर तिसरी एक गोष्ट बघावी, ती म्हणजे इतिहास. कारण पुण्याला हा प्रश्न नवीन नाही.

१९५७ साल. थॉमस कैलाथ नावाचा मुलगा, जन्म पुण्यातला (१९३५), घर मल्याळी, शाळा सेंट व्हिन्सेंट्स. १९५६ मध्ये तो आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून (हो, आजचं सीओईपी) टेलिकम्युनिकेशनची पदवी घेऊन बाहेर पडला होता. आयआयटी मुंबई सुरू व्हायला अजून एक वर्ष होतं. एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत. वाचून हेवा वाटेल, पण थांबा. त्याच सुमारास देशात परकीय चलनाची भयंकर चणचण होती. घरी पैसे असते तरी डॉलर मिळवणं हेच मुळात दिव्य होतं.

तरीही कैलाथ एमआयटीत गेले. ऑक्टोबर १९५७ पासून ते तिथल्या रिसर्च लॅबोरेटरी ऑफ इलेक्ट्रॉनिक्समध्ये रिसर्च असिस्टंट होते. म्हणजे शिकायचं आणि कामाचा मोबदलाही घ्यायचा. ही लॅब दुसऱ्या महायुद्धातल्या रडारच्या प्रयोगशाळेतून १९४६ मध्ये उभी राहिली होती आणि तिला पैसा येत होता मुख्यतः अमेरिकन सैन्यदलांकडून. माहितीशास्त्राचा पाया घालणारे क्लॉड शॅनन १९५६ पासून एमआयटीतच होते. कैलाथ यांनी १९५९ मध्ये मास्टर्स केलं, १९६१ मध्ये डॉक्टरेट. एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट मिळवणारे भारतात जन्मलेले ते पहिले. पुढे १९६३ पासून स्टॅनफर्ड, २००७ मध्ये आयट्रिपलईचं मेडल ऑफ ऑनर, २००९ मध्ये पद्मभूषण.

आता तुम्ही म्हणाल, हा अपवाद झाला, आणि तोही अमेरिकेतला. ठीक आहे, देशातलं उदाहरण घेऊ.

विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. १९६५ मध्ये नागपूरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजातून (आजचं व्हीएनआयटी) बीई, १९६८ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून एमई, १९७२ मध्ये आयआयटी दिल्लीतून पीएचडी. तिन्ही ठिकाणं सरकारी पैशावर चालणारी. त्यातही बडोद्याची गंमत अशी की तिथल्या इंजिनिअरिंग शाखेचं मूळ सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात आहे. आपले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. म्हणजे एका संस्थानाच्या तिजोरीतून लावलेलं झाड आणि पाऊणशे वर्षांनी त्याच्या सावलीत बसलेला वऱ्हाडातला विद्यार्थी. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं ते याच भटकरांच्या नेतृत्वाखाली, आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला.

दोघेही अफाट बुद्धीचे होते, हे मान्य. त्यांच्यासारखं यश आपल्याला मिळेल असं मी म्हणत नाही. मुद्दा वेगळा आहे. शिक्षण तेव्हाही स्वस्त नव्हतंच. प्रयोगशाळा, उपकरणं, चांगले प्राध्यापक यांना पैसा लागतोच. फक्त तो पैसा विद्यार्थ्याच्या बापाच्या फ्लॅटवर काढलेला नव्हता. कुठे सैन्यदलाने दिला, कुठे सरकारने, कुठे एखाद्या महाराजाने. आणि ज्याने पैसा दिला त्याला पदव्या वाटायच्या नव्हत्या, काहीतरी काम करून हवं होतं. म्हणून दर्जाही आला.

तेव्हा कोर्स निवडताना फी किती हे विचारण्याआधी विचारा, या विभागात फीशिवाय पैसा कुठून येतो? संशोधनाचे प्रकल्प आहेत का? त्यातून विद्यार्थ्याला काही मिळतं का? लॅबमधल्या उपकरणाला हात लावायला मिळतो, की ते काचेच्या कपाटात असतं? जिथे सगळा डोलारा फीवरच उभा आहे तिथे गिऱ्हाईक तुम्हीच असता.

आपल्याकडे १९८३ पासून गेट परीक्षा आहे. पात्र ठरलात आणि मान्यताप्राप्त ठिकाणी पूर्णवेळ एमटेकला गेलात तर दरमहा १२,४०० रुपये मिळतात, २४ महिने. रक्कम मोठी नाही, पण कर्जाचा हप्ता आणि विद्यावेतन यांत दिशेचाच फरक आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. पण सरसकट नाही हं! बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी लावली. शिवाय व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधी खात्यात दाखवावे लागतात. २०२४ मध्ये तो आकडा वर्षाला ११,९०४ युरो झाला.

एक बारकावा अमेरिकेचा. तिथे 'इंजिनिअरिंग' आणि 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी' या दोन वेगळ्या पदव्या आहेत, त्यांना मान्यता देणारे आयोगही वेगळे. दुसरीचा कल गणित-सिद्धांतापेक्षा प्रत्यक्ष वापराकडे जास्त. वाईट मुळीच नाही, पण पुढे संशोधनात जायचं असेल तर आधीच चौकशी केलेली बरी. माहितीपत्रकात दोन्ही सारखंच चकाचक दिसतं.

आणि हो, सुटलेला पगारही खर्चातच धरा. समजा महिना ६० हजार हातात येतात, तर दोन वर्षांचे १४ लाख ४० हजार झाले. फी शून्य असली तरी हा खर्च आहेच. तो सोसण्यासारखा आहे की नाही, हे त्या दोन वर्षांत तुमच्या हातून काय घडणार यावर ठरेल. रँकिंगच्या यादीत ते सापडत नाही. विभागाच्या पानावरचे प्रकल्प वाचा, तिथे सध्या शिकणाऱ्या दोघा-तिघांना गाठा आणि सरळ विचारा, "तुझे पैसे कोण भरतंय?"