नारायण विनायक जगताप कोण?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. नाव कुणाच्याच ऐकण्यात नव्हतं. आद्याक्षरं उलटी वाचा, ज. वि. ना. म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नावाचं दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून टोपणनाव, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंच्या हातची प्रत. कचेरीत हुद्द्याचा शिक्का आधी आणि मजकूर मागाहून बघणाऱ्या आम्हां मंडळींना याचं अप्रूप वाटणारच.

ही वाट त्यांना घरचीच होती म्हणा ना. त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉईल यांनी १९५७ मध्ये 'द ब्लॅक क्लाऊड' ही कादंबरी लिहिली. अवकाशातून एक प्रचंड ढग येतो, सूर्य झाकतो, आणि पुढे कळतं की तो ढग जिवंत आहे, नुसता जिवंत नव्हे तर बुद्धिमान.

शास्त्रज्ञांच्या कथांतली माणसं पुठ्ठ्याची असतात, अशी तक्रार समीक्षक करतात. थोडी खरी आहे. पण या मंडळींच्या कल्पनेतून विज्ञानालाही कधी कधी काही मिळतं, ते तक्रार करणारे विसरतात. कार्ल सेगन यांनी 'कॉन्टॅक्ट' लिहिताना नायिकेला कृष्णविवरातून दूरच्या ताऱ्याकडे पाठवलं होतं. हस्तलिखित किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञ मित्राला दाखवलं. थॉर्न म्हणाले, यात बाई जिवंत राहणार नाही, त्याऐवजी वर्महोल घे, म्हणजे अवकाशातलं भुयार. असं भुयार उघडं ठेवायला काय लागेल, याचं गणित ते मांडू लागले. उत्तर आलं, ऋण ऊर्जेचा विचित्र पदार्थ. कादंबरी १९८५ ची. थॉर्न आणि मायकेल मॉरिस यांचा त्यावरचा शोधनिबंध १९८८ चा. कादंबरीच्या एका अडचणीतून संशोधनाची एक शाखाच फुटली! चित्रपट आला १९९७ मध्ये.

तेच थॉर्न २०१४ च्या 'इंटरस्टेलर'मागे होते. तिथल्या एका ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. दिग्दर्शक नोलन यांचा हट्ट ऐकून थॉर्नना आधी ते अशक्य वाटलं. मग हिशेब केला तेव्हा दिसलं, कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने फिरत असेल तर जमतं. पडद्यावरचं चित्र मात्र कमी वेगाचं आहे, आणि तबकडीची एक बाजू जास्त उजळ दिसायला हवी तीही प्रेक्षक गोंधळू नयेत म्हणून सारखी केली आहे. म्हणजे 'वास्तववादी' सिनेमाही थोडी लबाडी करतो. असो. २०१९ मध्ये एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं खरं चित्र आलं, त्यात ती बाजू उजळच होती.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. 'कृष्णविवर' लिहिलं तेव्हा असं चित्र कुणीच पाहिलेलं नव्हतं. त्यांनी मात्र पंचेचाळीस वर्षांनंतरचं ते चित्रही पाहिलं.